ताटाबाहेरची शितं

"बाबा, यू फरगॉट द अँट्स," स्वरदा म्हणाली.

वरणभाताचा पहिला घास यतीनच्या तोंडाशी आला होता, तो तिथेच थांबला. पंखा फुल स्पीडवर होता तरी डार्विनमधली डिसेंबरातली ती शनिवारची दुपार अंगाला चिकटत होती, आणि आठ वर्षांची ही पोर, फ्रिजचं दार उघडं राहिलंय हे सांगावं इतक्या सहज सांगून पुन्हा काकडी खायला लागली होती. विनीतानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. म्हणजे बायकोच्याही लक्षात आलं होतं तर. मलावीहून परत आल्यापासून तो ताटाभोवती पाणी फिरवत नव्हता, ताटाबाहेर शितं ठेवत नव्हता, आणि हे आपण कुणाला कळू न देता सोडलंय अशी फक्त त्याची एकट्याचीच समजूत होती. "आज मुंग्या नाहीयेत," तो पुटपुटला. "देअर आर ऑल्वेज अँट्स," स्वरदा म्हणाली. डार्विनमध्ये राहणाऱ्या कुणालाही त्यावर वाद घालता आला नसता. त्यानं घास गिळला.

मुंग्यांचं हे खूळ मुळात आप्पांचं. आप्पा, म्हणजे यतीनचे वडील, टेलिफोन खात्यात होते. पुण्याच्या घरात देव होते, पण ते आईचे. आप्पांनी जानवं कधीच काढून टाकलं होतं, सत्यनारायणाच्या प्रसादाला ते सरळ शिरा म्हणायचे आणि पितृपक्षात मुद्दाम ऑफिसात उशिरापर्यंत बसायचे. मात्र जेवायला बसले की न चुकता तळव्यावर पाणी घेऊन ताटाभोवती फिरवायचे आणि उजव्या अंगाला, ताटाबाहेर, चार-पाच शितं मांडायचे. आई त्याला चित्रावती म्हणायची. आप्पांना तो शब्द खपत नसे. "मुंग्या ताटात येऊ नयेत म्हणून पाणी. विषय संपला." लहानपणी यतीननं एकदा वकिली केली होती, की मग बाहेर शितं कशाला? तर आप्पा म्हणाले होते, "अरे, त्यांना आत येऊ द्यायचं नाही म्हटल्यावर बाहेर काहीतरी ठेवायला नको? तुझ्यासारखं आपणच गिळत बसायचं का?" आई पदराआड हसली होती. पुढे हॉस्टेलच्या मेसमध्ये असलं काही करणं म्हणजे टिंगलीला आमंत्रणच, म्हणून यतीननं ते सोडलं. मेलबर्नला क्लेटनमधल्या युनीत शिकताना तर उभ्या उभ्या सँडविच खायची सवय लागली. मग ते पुन्हा कधी सुरू झालं, आणि का, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते मलावीतल्या एका परक्या म्हाताऱ्यानं, आणि त्या विचारण्यापायी तो म्हातारा आता आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता.

यतीन डार्विनच्या हॉस्पिटलात बायोमेडिकल इंजिनिअर, म्हणजे पंप, मॉनिटर, ऑक्सिजनची मशिनं दुरुस्त करणारा. तिथलीच नर्स हेदर तिच्या चर्चचा एक ग्रुप दर वर्षी मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलला घेऊन जायची. या वर्षी तिला मशिनं दुरुस्त करणारा माणूस हवा होता. "हेदर, आय'म नॉट ईव्हन ख्रिश्चन," त्यानं सांगून पाहिलं. "नो वरीज, मेट," ती म्हणाली, "नायदर आर द मशीन्स." तो गेला. आफ्रिका पाहायची हौस होती, थोडं पुण्य पदरात पडलं तर नको म्हणायचं कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर डार्विनच्या त्या सपाट, गाडीतून घरात आणि घरातून गाडीत जाणाऱ्या आयुष्याचा त्याला कंटाळा आला होता. गेस्टहाउस लहान, म्हणून प्रत्येक पाहुण्याला चर्चमधल्या एकेका कुटुंबाकडे उतरवलं होतं. यतीन आला काचिंग्वे यांच्या वाट्याला. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि चर्चच्या वडीलधाऱ्या पंचांपैकी एक. एवढ्या उकाड्यातही अंगात कोट, पायांना सूज, आणि इंग्रजी असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू यावा. त्यांच्या बायकोला सगळं गाव अगोगो म्हणे, म्हणजे आजी. तोही तेच म्हणू लागला.

तिथलं रोजचं जगणं त्याच्या अंगात अजून होतं, बुटांच्या शिवणीत लाल माती राहावी तसं. पहाटे झोपेतच खराट्याचा आवाज यायचा; अगोगो अंगण झाडायच्या, आणि झाडून झाल्यावर मातीवर ज्या कमानी उमटायच्या त्या मोडायच्या जिवावर येऊन तो कडेकडेनं चालायचा. सायकलींवर सायकलीपेक्षा मोठी कोळशाची पोती. हॉस्पिटलच्या मागे चुली मांडून बसलेले पेशंटांचे नातेवाईक. आणि ते नमस्कार! तिथे कुणी नुसतं 'मॉर्निंग' म्हणून सुटत नाही. बरे उठलात का, असं विचारायचं; मी बरा उठलो, तुमचं काय ते माहीत नाही, असं उत्तर यायचं; मग आपण बरे उठल्याचं सांगायचं, आणि एवढं होईस्तोवर दोघांनी जागेवर उभं राहायचं. पहिले काही दिवस हातात टूलबॉक्स घेऊन हे करताना यतीन मनात चरफडायचा. नंतर नंतर त्याला वाटायला लागलं की आपण खरंच बरे उठलो की नाही हे गेल्या कित्येक वर्षांत आपल्याला कुणी विचारलेलं नाही. हे वाटणं त्यानं हेदरला सांगितलं नाही, फोनवर विनीतालाही नाही. तिला त्यानं न्सिमाचा फोटो पाठवला, मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा, आणि खाली लिहिलं, 'आपल्या उकडीसारखं, पण मीठ नाही.'

त्याचं खरं बिनसलं ते मयतीवरून. एक दिवस ऑक्सिजनचं मशिन उघडून बसलेला असताना स्टोअरची किल्लीच सापडेना. किल्लीवाला मयतीला गेला होता. इलेक्ट्रिशियनही मयतीलाच. कुणाची मयत, तर दोन टेकड्यांपलीकडच्या कुणा शेजाऱ्याच्या चुलत्याची. यतीननं संध्याकाळी काचिंग्वे यांच्यासमोर थोडं फणकाऱ्यानंच हे मांडलं, की मेलेल्या माणसासाठी जिवंत पेशंट ताटकळत ठेवायचे म्हणजे काय? म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे, मिस्टर यतीन. पण मी त्याच्याकडे गेलो नाही, तर माझ्याकडे कोण येईल?" मग त्यांनी सांगितलं की इथे माणूस गेला की चर्चची घंटा वाजते, म्हणजे झाडाला टांगलेली ट्रकची जुनी रिम, आणि चर्चच्या बायका रात्रभर गातात, पुरेपर्यंत गातात. ज्याच्यावर चर्चनं शिक्षा ठेवली आहे त्याच्यासाठी मात्र रिम वाजत नाही आणि बायका गात नाहीत. "घरचेच पुरतात मग, गुपचूप," काचिंग्वे म्हणाले, आणि अगोगोंनी आपले कान धरले. यतीनला तेव्हा ते गमतीदार वाटलं होतं.

गुपचूप. आप्पा तसेच गेले होते. कोविडच्या त्या दुसऱ्या लाटेत, इकडे ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद असताना. त्याचा चुलतभाऊ श्रीनाथ स्मशानाच्या गेटबाहेर उभा होता, त्याला आत सोडत नव्हते, आणि त्याच्या हातातल्या फोनवर यतीनला दिसत होतं ते फक्त लोखंडी गेट, एक पत्र्याचं छप्पर आणि मधूनमधून श्रीनाथचा अंगठा. यतीन डार्विनच्या वर्कशॉपमध्ये उभा होता, समोर एक पंप उघडा पडलेला. "झालं रे," श्रीनाथ म्हणाला. अस्थी त्यानंच आळंदीला नेऊन सोडल्या. यतीन रडला नाही, कारण रडण्यासारखं समोर काही नव्हतंच. गेट बघून कोण रडतं? त्यानं पंप जोडला, टेस्ट केला आणि घरी गेला. संध्याकाळी विनीतानं भात वाढला. आता, या शनिवारच्या दुपारी, त्याला पहिल्यांदाच लख्ख आठवलं की त्या संध्याकाळी त्याच्या हातानं पेल्यातलं पाणी घेतलं होतं आणि ताटाभोवती फिरवलं होतं. ते सुरू झालं ते त्या दिवशी.

काचिंग्वे यांच्या घरी पहिल्याच जेवणाला त्यानं ते केलं, नकळत. अगोगोंनी तांब्यातून हातांवर पाणी घातलं, प्रार्थना झाली, सगळ्यांनी डोळे उघडले आणि याचा हात मेणकापडावर गोल फिरला. न्सिमाचे चार कण ताटाबाहेर गेले. हेदर जेवायला होती. "व्हॉट्स दॅट, मेट?" "अँट्स," तो म्हणाला, आणि दोघं हसले. काचिंग्वे हसले नाहीत. त्यांनी ते कणही उचलू दिले नाहीत. अगोगो फडकं घेऊन आल्या तर हातानंच थांबवलं. दुसऱ्या दिवशी हेदर नव्हती. जेवणं झाल्यावर म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "हे कोणासाठी?" मुंग्या हा शब्द यतीनच्या जिभेवर होता. तोंडातून निघालं, "माझ्या वडिलांसाठी." बोलून त्याचा तोच चकित झाला. काचिंग्वे यांनी मान हलवली. मग सांगितलं, की त्यांचे वडील पीठ घेऊन झाडाच्या बुंध्याशी जायचे आणि आपल्या मेलेल्यांना नावानं हाक मारून ते वाहायचे. चर्चनं ते बंद केलं. ते स्वतःही शाळेत मुलांना ते बंद करायलाच शिकवत आले. "आता तुम्ही मिशनबरोबर आलात आणि हे करता. तुम्हाला कुणी काही म्हणत नाही. म्हणजे नियम बदललेला दिसतो," ते म्हणाले. मी मिशनमधला नाही हो, मी नुसता मशिनवाला आहे, हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं. यतीनला ते सुचलंच नाही, कारण त्याचं मन अजून आपल्याच उत्तरापाशी घुटमळत होतं.

निरोपाच्या जेवणाला पास्टर होते, सगळे पंच होते. प्रार्थना संपली आणि काचिंग्वे यांनी सगळ्यांदेखत न्सिमाचा कण मोडून ताटाबाहेर ठेवला, आणि आपल्या वडिलांचं नाव मोठ्यानं घेतलं. खोली गप्प झाली. यतीनला वाटलं, ही आणखी एक प्रार्थना. त्यानं आपणही डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ग्रुप निघाला. कॅंटीनमध्ये हेदरनं त्याला बाकीचं सांगितलं तेव्हा डार्विनला परतून बरेच दिवस झाले होते. काचिंग्वेंचं पंचपद गेलं होतं, चर्चची शिक्षा म्हणून मागचा बाक मिळाला होता, आणि चूक झाली असं म्हणायला म्हातारा तयार नव्हता. म्हणे पाहुण्याचं चालतं, तर माझं का चालत नाही? त्यांचं हृदय थकलेलं आहे हे ग्रुपमधल्या डॉक्टरनं तपासून सांगितलंच होतं. पास्टर वाईट माणूस नव्हता. त्यालाही हे घोंगडं भिजत ठेवायचं नव्हतं. त्यानंच वाट सुचवली होती. यतीननं एक छोटा व्हिडिओ पाठवावा, की ते कुणासाठी नसतं, नुसतं मुंग्यांसाठी असतं. म्हणजे काचिंग्वेंचा गैरसमज झाला असं ठरेल आणि पंच त्यांना परत घेतील. "जस्ट से अँट्स. इट्स ट्रू, इजन्ट इट? यू टोल्ड मी युअरसेल्फ." "नो वरीज," यतीन म्हणाला होता. आणि तेव्हापासून ना व्हिडिओ झाला होता, ना ताटाभोवती पाणी फिरलं होतं.

"बोलून टाक ना," जेवणं झाल्यावर विनीता ताटं उचलत म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. "मुंग्याच तर म्हणायचंय. तुझे आप्पासुद्धा तेच म्हणायचे. खोटं काय त्यात?"

"मी त्यांना वेगळं सांगितलंय, विनीता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आता मी मुंग्या म्हणालो तर गावासमोर ते वेडे ठरणार."

"आणि नाही म्हणालास तर?"

त्यानं आपला पेला उचलून सिंकमध्ये ठेवला. नाही म्हणालास तर रिम वाजणार नाही, बायका गाणार नाहीत, एक लोखंडी गेट आणि एक अंगठा. ते काय असतं हे त्याच्याइतकं त्या गावातही कुणाला माहीत नव्हतं. तरी त्यानं स्वरदाच्या हातात फोन दिला, डायनिंग टेबलापाशी बसला आणि म्हणाला, "कर रेकॉर्ड." हॅलो एव्हरीवन म्हणाला, माय नेम इज यतीन म्हणाला, आणि पुढे काही येईना. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा स्वरदा कंटाळली. "बाबा, इट्स वन वर्ड," ती म्हणाली आणि फोन ठेवून स्विमिंग पूलच्या बॅगेत टॉवेल कोंबायला गेली. एकाच शब्दाचं काम होतं खरं. तो शब्द आप्पांचाच होता, त्यांच्याच आवाजात त्याच्या कानात होता, आणि तोच उच्चारला तर आप्पा त्या पत्र्याच्या छपराखाली दुसऱ्यांदा एकटे पडतील असं त्याला वाटत होतं. हे हास्यास्पद आहे हे त्याला कळत होतं. आप्पा असते तर सगळ्यांत आधी तेच हसले असते.

तिथे अजून सकाळ होती. त्यानं काचिंग्वेंनाच फोन लावला. आधी अर्थातच बरे उठलात का झालं. मी बरा उठलो, तुमचं काय ते माहीत नाही. यतीन म्हणाला, "मी बरा नाही उठलो." असं उत्तर तिथे बहुधा कुणी देत नसावं.

"पास्टर म्हणतो, तुम्ही अजून बोलला नाहीत," काचिंग्वे म्हणाले. श्वास लागत होता, पण पूर्णविराम जागच्या जागी होते. "का?"

"माझ्यामुळे तुम्ही मागच्या बाकावर गेलात."

"मागचा बाक दाराजवळ आहे. वारा येतो." मग म्हातारा थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. "मिस्टर यतीन, मला काही अडचण नाही. गाणं मला ऐकू येणार नाही. माझ्या बायकोला येईल. पन्नास घरांच्या मयतींत ती गायली आहे. माझ्या वेळी तिनं गप्प बसायचं, हे मला बघवत नाही. म्हणून सांगतो, मुंग्या म्हणा."

"पण ते खोटं होईल. तुमच्यापाशी मी खरं बोललो होतो."

"माझ्या घरासमोरचं वारूळ पाहिलंत ना तुम्ही?"

पाहिलं होतं. माणसाच्या उंचीचं होतं, लाल, आणि अंगण झाडताना अगोगो त्याला वळसा घालायच्या.

"तुम्ही ठेवलेले कण मी उचलू दिले नाहीत. मला बघायचं होतं कोण येतं. मुंग्या आल्या. त्यांनी ते खाली नेले, जमिनीत. माझे वडील जमिनीत आहेत. मला तिथे जाता येत नाही. म्हणजे अजून तरी नाही." ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. "मग न्यायचं कोणी? पास्टरला हे सांगायची गरज नाही. मी मुलांना विज्ञान शिकवत होतो, तेवढं मला कळतं. मुंग्याच नेतात."

"माझ्या वडिलांना पुरलं नाही," तो म्हणाला. "आमच्यात जाळतात. राख नदीत सोडली. मी नव्हतो तिथे."

हे म्हाताऱ्याला नवीन होतं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता आणि अगोगो कुणाला तरी काही सांगत होत्या.

"मग तुमच्या मुंग्यांना लांब चालावं लागेल," काचिंग्वे शेवटी म्हणाले.

फोन ठेवल्यावर यतीन टेबलावर डोकं टेकून रडला. आवाज करून रडला, गेट उघडल्यासारखा, इतकी वर्षं राहून गेलेलं. विनीता येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. स्वरदा पूलची बॅग घेऊन दारात उभी होती. तिनं बॅग खाली ठेवली. मग त्यानं तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि तिला पुन्हा फोन दिला. या वेळी अडखळला नाही. "ते मुंग्यांसाठी असतं," तो इंग्रजीत म्हणाला, "मला माझ्या वडिलांनी शिकवलं." स्वरदानं विचारलं, "दॅट्स इट?" तो म्हणाला, हो, एवढंच. पास्टरचं उत्तर पोहताना आलं, ते त्यानं पूलच्या कडेला ओल्या हातांनी वाचलं. देवाचे आभार मानले होते आणि उद्या काचिंग्वे पुढच्या बाकावर बसतील असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, की ते मात्र दाराजवळच बसायचं म्हणतात.

संध्याकाळी विनीतानं मुगाची खिचडी केली होती. यतीननं तळव्यावर पाणी घेतलं आणि ताटाभोवती फिरवलं, मग उजव्या अंगाला चार-पाच शितं ठेवली, नेहमीपेक्षा थोडी जास्तच. हे नेहमी असंच चालायचं: जेवण झालं की विनीता स्प्रे आणि स्पंज घेऊन यायची, कारण डार्विनमध्ये अन्नाचा कण उघडा ठेवला तर काय होतं ते तिला चांगलं माहीत होतं, आणि आप्पांच्या मुंग्यांना ती कधी तासाभराचीही मुभा द्यायची नाही. आजही ती स्पंज घेऊन आली. तोवर एक मुंगी पोचली होतीच. तिनं शीत उचललं, ते तिच्याहून मोठं होतं, आणि टेबलाच्या कडेनं निघाली. स्वरदा हनुवटी टेबलाला लावून बघत होती.

"बाबा, वेअर इज इट टेकिंग इट?"

"पुण्याला," यतीन म्हणाला.

स्वरदानं थोडा विचार केला. "दॅट्स रिअली फार," ती म्हणाली.

"हो. लांब आहे."

विनीता तिथेच उभी होती. तिनं स्प्रे खाली ठेवला, मुंगीला वाट सोडली, शितांना वळसा घालून बाकीचं सगळं टेबल पुसून काढलं आणि स्पंज धुवायला सिंककडे गेली.